सात पायऱ्या आणि दोन मारी बिस्किटं

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे गृहस्थ 66 वर्षांचे, बेने इस्राएली (म्हणजे आपले मराठी यहुदी), ठाणे जिल्ह्यात राहणारे. मधुमेह जुना, दिवसातून दोनदा इन्सुलिन. दोन वर्षांपूर्वी जखम चिघळली आणि डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. त्याआधी वीसेक वर्षं दारफाळणीच्या सणाला, म्हणजे योम किप्पूर या पापक्षमेच्या कडक उपासाच्या दिवशी, दुपारच्या प्रार्थनेत योना संदेष्ट्याचं पुस्तक तेच वाचायचे. पाय गेल्यावर एकदाच मशिदीत (आमच्या यहुदी प्रार्थनास्थळालाही आम्ही मशीदच म्हणतो) गेले, नव्याच्या सणाला, म्हणजे यहुदी नववर्षाला. चार तरुणांनी खुर्चीसकट उचलून सात पायऱ्या चढवलं, मागून कुणीतरी म्हणालं, "डोक्याकडची बाजू वर धरा रे." ते वाक्य कानातून जात नाही, तेव्हापासून उंबरठा ओलांडलेला नाही. गेल्या योम किप्पूरला घरीच होते. दुपारी साखर उतरली तेव्हा पत्नीने स्वयंपाकघराचा पडदा ओढून दोन मारी बिस्किटं हातात ठेवली. नेमकी नात आत आली आणि काही न बोलता परत गेली. बाहेरगावाहून आलेले एक हाखाम, म्हणजे धर्मगुरू, त्यांना म्हणाले, "तुम्हाला सगळं माफ आहे, स्वस्थ घरी बसा." इस्राएलमधल्या अश्दोदचा धाकटा भाऊ फोनवर म्हणतो, "बाबांनी ऐंशीव्या वर्षीसुद्धा उपास सोडला नव्हता." सण पाच आठवड्यांवर आला आहे. यंदा काय वाटेल ते झालं तरी कडक उपास करावा, की 'माफ' हा शब्द घेऊन सगळंच सोडून द्यावं, असं ते विचारतात. पत्राची शेवटची ओळ अशी: "माफ केलेल्या माणसाचा हिशोब कुठल्या वहीत ठेवतात?"

भाऊ, शालोम.

आधीच सांगते, मी हाखाम नाही. आयुष्य वॉर्डात गेलं. आमच्या पिढीतल्या बेने इस्राएली बायका एक तर नर्स नाहीतर शाळामास्तरीण, त्यातली मी पहिली. तेव्हा शास्त्राचा शेवटचा शब्द माझा नाही. पण तुमच्या पत्रात शास्त्राच्या नावावर जे खपलंय त्यातलं बरंचसं शास्त्रात नाही, एवढं मला कळतं. वाचक बहुतेक आपल्या समाजाबाहेरचे आहेत, म्हणून मध्ये मध्ये थांबून खुलासा करीन, कंटाळू नका.

सुरुवात बिस्किटांपासून करू, कारण पत्रभर तुम्ही तीच चघळताय.

मिश्ना म्हणजे आपल्या धर्मनियमांचा जुना संग्रह. त्याच्या 'योमा' या भागात आठवा अध्याय योम किप्पूरच्या उपासाचा आहे. त्याच अध्यायात आजाऱ्याला खायला घालण्याचा नियम आहे: जाणकारांच्या सांगण्यावरून घाला, आणि जाणकार नसतील तर आजाऱ्याच्या स्वतःच्या सांगण्यावरून, तो 'पुरे' म्हणेपर्यंत. म्हणजे उपासाचा कायदा सांगणाऱ्यांनी त्याच दमात तुमच्या बिस्किटांचाही कायदा सांगून ठेवलाय. पुढे तल्मुद, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेचा मोठा ग्रंथ, आणखी एक पाऊल टाकतो. वैद्य म्हणतो गरज नाही आणि आजारी म्हणतो गरज आहे, तर ऐकायचं कुणाचं? आजाऱ्याचं. आधार नीतिसूत्रांमधला: हृदयाला स्वतःचा कडवटपणा ठाऊक असतो. मी तीस वर्षं डॉक्टरांच्या मागून राउंड घेतलेत. पेशंटच्या शब्दाला इतका मान देणारं वाक्य मला तिथे ऐकायला मिळालं नाही.

बरं, खाल्लं म्हणजे तो माणूस त्या दिवसातून उठला, असंही नाही. योसेफ कारो यांनी सोळाव्या शतकात 'शुल्हान आरूख' हे धर्मनियमांचं पुस्तक लिहिलं. आपण सेफार्दी, म्हणजे मुळात स्पेनकडच्या यहुद्यांच्या, वळणाने चालतो, त्यामुळे आपल्याला तर ते जवळचंच. त्यात योम किप्पूरला जेवावं लागलेल्या आजाऱ्याने जेवणानंतरच्या प्रार्थनेत सणाचा खास परिच्छेद, 'यआले वेयावो', म्हणावा असं सांगितलंय. जरा विचार करा. ज्याने त्या दिवशी अन्नाला शिवूच नये त्याच्यासाठी जेवणानंतरच्या प्रार्थनेत त्या दिवसाची ओळ कशाला लिहून ठेवतील? ती तुमच्यासाठी आहे. मग पडदा कशाला ओढायचा? वहिनींनी पडदा ओढला तो प्रेमापोटी, हे मला कळतं. पण नातीने आजोबांना उपास मोडताना पाहिलं नाही, आजोबांना चोरी करताना पाहिलं. यंदा तिला आधी जवळ बसवून सांगा: आजोबांना आज खायला सांगितलंय, ज्याने तुला उपास सांगितला त्यानेच. आणि पाट मांडून, डोकं झाकून, आशीर्वाद म्हणून खा. हवं तर बिस्किटं तिच्याच हाताने घ्या.

आता भाऊरायांकडे वळते. "बाबांनी ऐंशीव्या वर्षीसुद्धा" हे वाक्य आपल्या घराघरात आहे. माझ्याकडेही आहे, फक्त बाबांच्या जागी आत्या. पण त्या बाबांना दोन वेळा इन्सुलिन होतं का? उपास दोघांचा सारखा, शरीर सारखं नाही. अश्दोदहून फोनवर उपास करवणं सोपं असतं, साखर 50 वर आल्यावर घाम पुसायला तिथून कुणी येत नाही. लेवीय पुस्तकात आज्ञांबद्दल म्हटलंय, माणसाने त्या पाळून 'जगावं'. तल्मुदातल्या श्मुएलने त्याचा अर्थ लावला: जगावं, त्यांच्यापायी मरू नये. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ (शनिवारचा विसाव्याचा दिवस) मोडतो तो यावरून, आणि योम किप्पूरही. शुल्हान आरूख तर धोका असताना चटकन हात उचलणाऱ्याची स्तुती करतं आणि 'थांबा, आधी विचारून येतो' म्हणणाऱ्याला रक्त सांडणारा म्हणतं. मध्ययुगातला मोठा पंडित मैमोनिदेस स्वतः वैद्य. तो लिहितो की तोराचे, म्हणजे धर्मशास्त्राचे, नियम जगावर सूड उगवायला नाहीत, ते दया, कृपा आणि शांतीसाठी आहेत. तेव्हा "काय वाटेल ते झालं तरी" उपास करायचा हा जो बेत आहे ना, तो धर्माचा नाही. तो तुमच्यातल्या रागाचा आहे. पायावरचा राग पोटावर काढताय.

राग येऊ नये असं मी म्हणत नाही. उपासाला त्यात ओढू नका, एवढंच.

उपासाची तयारी या आठवड्यापासून करा. ही यादी इन्सुलिनवर असलेल्या, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या सगळ्यांनीच वाचावी. डॉक्टरांना "उपास चालेल का?" असं विचारू नका. त्यावर ते "नको" म्हणतात आणि विषय संपतो. असं विचारा: 25 तास काहीच घेतलं नाही तर जिवाला धोका आहे का? थोडं थोडं घेत राहिलं तर भागेल का? इन्सुलिनचा डोस त्या दिवशी किती? किती आकड्याला थांबायचं? साधारणपणे साखर 70 च्या खाली गेली की ती कमी समजतात, पण तुमचा आकडा त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

'थोडं थोडं' विचारायचं कारण असं. शास्त्रात उपास पूर्ण मोडतो तो एका ठरावीक मापाने. खाण्यात मोठ्या खजुराएवढं, पिण्यात आपल्या एका गालात मावेल इतकं. ज्याचं कमी मापाने भागतं त्या आजाऱ्याला या मापाच्या आत, मध्ये वेळ सोडून, पुन्हा पुन्हा घेता येतं. हल्लीचे जाणकार खाण्याला साधारण 30 मिलिलिटरच्या आतलं माप आणि दोन घासांत नऊ मिनिटं धरतात. गालाचं माप ज्याचं त्याचं. सणाच्या आदल्या दिवशी तोंडात पाणी घेऊन एक गाल फुगवा, ते कपात थुंका, कपाला बाहेरून पेनाने रेघ मारा आणि त्या रेघेच्या खालीच राहा. खोकल्याच्या औषधाचं प्लास्टिकचं टोपण असतं ना, ते याला फार सोयीचं. माझ्या ओळखीच्या एका बाई दरवर्षी तसलीच टोपणं ओळीने मांडून ठेवतात आणि स्वयंपाकघरातलं टायमरचं घड्याळ आदल्या दिवशीच मुलाकडून लावून घेतात.

पण नीट ऐका. हा मार्ग डॉक्टर "एवढ्याने भागेल" म्हणाले तरच. ते म्हणाले नेहमीसारखं जेवा, तर नेहमीसारखं जेवायचं, टोपणं कपाटात. आणि साखर उतरली, हात थरथरले, घाम फुटला, की नऊ मिनिटं बघत बसायचं नाही. ग्लुकोज घ्यायचं, हवं तितकं, तिथल्या तिथे. बोटाला टोचून साखर बघणंही तुमच्यासारख्याला त्या दिवशी चालतं, ती जिवाचीच काळजी आहे. गोळी नुसती गिळता येत असेल तर तिला कुणी अन्न मानत नाही.

आता 'माफ'. या शब्दावर माझं त्या हाखामसाहेबांशी भांडण आहे. त्यांचा हेतू चांगला असेल. पण 'सगळं' माफ? कोण म्हणालं?

ज्याच्या हाती नाही त्याला दयाळू देव सोडतो, असा नियम आहे खरा. तो एकेका आज्ञेपुरता आहे. उभं राहता येत नसेल तर आमिदा, ही उभ्याने म्हणायची मुख्य प्रार्थना, बसून म्हणायची, शुल्हान आरूखात स्पष्ट आहे. मिश्नाच्या बेराखोतमध्ये गाढवावर बसलेल्या वाटसरूचं उदाहरण आहे: उतरता येत असेल तर उतर, नसेल तर तोंड यरुशलेमकडे वळव, तेही जमत नसेल तर मन वळव. पायऱ्या आहेत पाहा, एकेक खाली उतरत आणलंय माणसाला. शेवटच्या पायरीवरही त्याला "जा, तुला माफ" म्हटलेलं नाही. पाय नाही म्हणून उभं राहणं सुटलं, प्रार्थना सुटली नाही. मधुमेह म्हणून उपास सुटला, त्या दिवशी चामड्याची पादत्राणं न घालणं सुटलं नाही, अंघोळ टाळणं, काम न करणं, मागच्या वर्षी कुणाला दुखावलं असेल त्याची क्षमा मागणं सुटलं नाही. ते शेवटचं तर भावाला फोन करूनसुद्धा होतं.

तुमच्यासारखं कुणाला पूर्वी वाटलं होतं का, याचं उत्तर तल्मुदात आहे. बाबिलोनात राव योसेफ म्हणून एक मोठे पंडित होते, आंधळे. रब्बी यहूदाचं मत असं की आंधळ्याला आज्ञा बंधनकारक नाहीत. राव योसेफ म्हणायचे, हे मत खरं ठरवणारा कुणी भेटला तर मी पंडितांना मेजवानी देईन, कारण माझ्यावर बंधन नसूनही मी पाळतो, माझं पुण्य जास्त! मग त्यांच्या कानावर रब्बी हनीनाचं वचन आलं: आज्ञा असून पाळणारा, आज्ञा नसताना पाळणाऱ्यापेक्षा मोठा. झालं, म्हातारबांनी मेजवानी फिरवली. आता म्हणाले, यहूदाचं मत चुकीचं आहे असं सांगणारा भेटला तर पंडितांना मेजवानी.

मला हा माणूस फार आवडतो. त्याला सवलत नको होती, त्याला यादीत नाव हवं होतं. तुम्हीही पत्रात तेच मागताय, फक्त उलट्या शब्दांत. वहीचं विचारलंत ना? नाव त्याच वहीत आहे, त्याच पानावर. आणि व्यवहाराचं सांगू का? देशात आपण उरलो चार-पाच हजार. कोकणातल्या कितीतरी मशिदींत सणवार सोडले तर दहा पुरुष जमत नाहीत. (बाहेरच्या वाचकांसाठी: दहा जमल्याशिवाय सामुदायिक प्रार्थनेचे काही भाग म्हणता येत नाहीत, त्याला मिन्यान म्हणतात. आणि मशीद म्हणजे आमचं सिनेगॉग, जुनी माणसं तसंच म्हणतात. मुंबईतली 1796 सालची शार हारहामिम ही आमची 'जुनी मशीद', आणि मस्जिद स्टेशनचं नाव तिच्यावरूनच पडलं असं आमची मंडळी छातीठोकपणे सांगतात.) चाकाच्या खुर्चीतला माणूस मिन्यानात पूर्ण एक धरतात, पाऊण नाही. नऊ जण दाराकडे बघत बसलेत आणि दहावा घरात 'माफ' होऊन बसलाय, हे चित्र मला बघवत नाही.

तर मग त्या सात पायऱ्या.

तुम्हाला उचललं त्या मुलांवर रागवू नका, पण पुन्हा उचलूही देऊ नका. खुर्ची उचलताना हात निसटला तर तुमचं डोकं आणि त्यांची कंबर, दोन्ही जातात. विश्वस्तांना पत्र लिहा. तक्रार नको, माप लिहा. व्हीलचेअरच्या उताराचं माप 1 ला 12: एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार. सात पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच, म्हणजे साडेतीन फूट. त्याला 42 फुटांचा उतार लागेल. एवढी जागा बहुतेक जुन्या मशिदींच्या दर्शनी भागात नसते, आणि ते "जागा नाही" म्हणतील तेव्हा खोटं बोलत नसतील. म्हणून पुढच्या दाराचा हट्ट नको. तुम्हीच पत्रात ओझरतं लिहिलंय की मलिद्याची ताटं मागच्या दाराने नेतात, तिथे दोनच पायऱ्या आहेत. दोन पायऱ्या म्हणजे एक फूट, म्हणजे बारा फुटांचा उतार. लाकडी, उचलून ठेवता येईल असा कुठलाही सुतार बनवून देईल. दाराची मोकळी रुंदी तीन फूट आहे का बघा. आणि संडास! याचा विचार कुणी करत नाही. तुम्हाला आत नेतील, पुढे बसवतील, फुलं देतील, आणि चार तासांनी तुम्ही घामाघूम होऊन घरी जायचं म्हणाल, ते याच कारणाने. कमोडची खुर्ची आधीच तिथे पोचती करा.

2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे हे मला ठाऊक आहे, विश्वस्तांनाही असेल. तो शेवटी काढा. आधी लेवीय 19 काढा: आंधळ्यापुढे अडखळण ठेवू नको. मशिदीच्या दारातल्या पायऱ्यांना अडखळण म्हणावं की नाही यावर ते तासभर वाद घालतील, त्या तासात सुताराला बोलवून घ्या.

लोक बघतील, कुजबुजतील, ही तुमची खरी धास्ती. यावर शास्त्रात एक मजेशीर गोष्ट आहे. ज्या कोहेनच्या (पुरोहित घराण्यातल्या माणसाच्या) हातात व्यंग आहे त्याने आशीर्वादासाठी हात उचलू नयेत, कारण लोक हाताकडेच बघत राहतील, असं तल्मुद म्हणतो. आजच्या कानाला ते कठोर लागतं, मलाही लागतं. पण लगेच पुढे: गावाला त्याची सवय झाली असेल तर चालेल. आणि सवय व्हायला किती दिवस? शुल्हान आरूख म्हणतं, तीस. म्हणजे दोष त्याच्या हातात नव्हता, बघणाऱ्यांच्या डोळ्यांत होता, आणि त्याला महिन्याचं औषध. तुमच्याकडे पाच आठवडे आहेत.

सणाच्या आधीचा एलूलचा महिना लागलाच आहे, सलिहोतच्या, म्हणजे क्षमायाचनेच्या, प्रार्थना पहाटे असतात. त्या आठवड्याच्या वारी असतात, रिक्षाने जाता येतं, शब्बाथचा प्रश्नच नाही. गर्दी कमी, बहुतेक म्हातारे, अर्धे झोपेत. अशा लोकांसमोर पहिल्यांदा जायला बरं. आठवड्यातून दोन पहाटा जा. सणाच्या दिवशी सगळं गाव लोटेल तेव्हा तुमची खुर्ची त्या खांबाशेजारची नेहमीची खुर्ची झालेली असेल.

सणाच्या दिवशी जायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण वाचकांतले बरेच विचारतात. आपल्यातले पुष्कळ लोक शनिवारी-सणावारी रिक्षा-टॅक्सीने जातात, हे मला माहीत आहे आणि मी कुणाच्या रिक्षात डोकावत नाही. तुम्हाला कडक पाळायचं असेल तर सूर्यास्ताआधी पोचा आणि तिथेच राहा. मशिदीच्या हॉलमध्ये नाहीतर जवळच्या नातलगाकडे एक रात्र. नातलगाकडून खुर्ची ढकलत नेण्याचा प्रश्न आला तर तिथे एरूव आहे का, हे बघावं लागतं. एरूव म्हणजे वस्तीभोवतीची खुणेची हद्द, जिच्या आत शब्बाथला वस्तू ने-आण चालते. ती नसेल तर स्वतः चाकं फिरवणं आणि दुसऱ्याने ढकलणं यांत पंडित फरक करतात. यहुदी नसलेल्या मदतनिसाने ढकलणं हा आपल्याकडचा सर्वांत सोपा रस्ता. आजाऱ्यासाठी अशी मदत मागायला मुभा आहे. आपल्या घरांत ती शतकानुशतकं शेजारच्या लोकांनी केलीच आहे, गॅस बंद करायला येणाऱ्या मावशी आठवा. अलोन श्वूतची त्सोमेत ही इस्राएली संस्था शब्बाथला चालणाऱ्या विजेच्या गाड्या बनवते. बटण दाबलं की थेट प्रवाह सुरू होत नाही, आडवळणाने होतो, त्याला 'ग्रामा' म्हणतात. इस्राएलमधल्या वाचकांनी चौकशी करावी. तुम्हाला त्याची गरज दिसत नाही.

तुमचा जयपूर फूट कपाटात आहे म्हणता. पाय कापलेल्या माणसाने शब्बाथला लाकडी पाय लावून बाहेर पडावं का, यावर मिश्नात रब्बी मेईर 'हो' म्हणतो आणि रब्बी योसे 'नाही'. दोन हजार वर्षं होत आली, तुमच्या कपाटातल्या वस्तूवर भांडण चालूच आहे, एवढं तरी मनाला बरं वाटू द्या. घट्ट बसवलेला, ज्यावर माणूस खरोखर चालतो असा आजचा पाय हा बुटासारखा, असं बहुतेक आजचे जाणकार मानतात. काठीशिवाय चालता येत नसेल तर काठीलाही मुभा आहे. पण शास्त्रापेक्षा माझी अडचण वैद्यकीय आहे: दोन वर्षं न वापरलेला पाय सणाच्या दिवशी काढून लावाल तर संध्याकाळी खुंटाला फोड येतील, आणि मधुमेहात त्या फोडाचं काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. लावायचाच असेल तर आजपासून, रोज थोडा थोडा, सॉकेट पुन्हा बसवून घेऊन.

आता योना. तुमच्या जागी दोन वर्षं कोण वाचतंय ते तुम्ही लिहिलं नाहीत, त्यावरून समजले. मधला चौथरा, आपला तेवा, चढता येणार नाही. बसून वाचलेलं चालेल का, याबद्दल मतं वेगवेगळी निघतील, म्हणून आत्ताच, पाच आठवडे आधी, हज्जानला, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याला, विचारा. तेव्याच्या पायथ्याशी खुर्ची लावून वाचू का, असं नेमकं विचारा. "हो" आलं तर उत्तम. "नाही" आलं तर तोही नियम एका कृतीपुरताच आहे, हे विसरू नका. तुमचा नातू बाराव्या वर्षात आहे. योनाची ती आपल्या लोकांची चाल आता किती जणांना येते? त्याला शिकवा. तो तेव्यावर उभा राहील, तुम्ही खाली खुर्चीत ओठ हलवत बसाल आणि तो चुकला की खालून मोठ्याने दुरुस्त कराल, जी आपल्या म्हाताऱ्यांची आवडती सेवा आहे. शिवाय योनाच का, हेही त्याला सांगा. धडधाकट पायांचा माणूस, आणि नेमून दिलेल्या कामापासून जहाजात बसून पळून जातो.

याच सुमाराची आणखी तीन पत्रं आहेत, ती इथेच उरकते. पुण्याच्या ज्या बाईंचे हात कंपवाताने थरथरतात आणि शब्बाथच्या ज्योती लावता येत नाहीत: घरातल्या कुणीही लावल्या तरी घराचं कर्तव्य होतं. एकट्याच असाल आणि आगीची भीती असेल तर विजेचा दिवा लावायलाही अनेक पंडित संमती देतात. कानाच्या यंत्राबद्दल विचारणारे गृहस्थ: शुक्रवारी सूर्यास्ताआधी चालू करा, नवीन बॅटरी घालून, आणि लावून ठेवा. शब्बाथला ते वापरायला सर्वसाधारण मान्यता आहे. यंत्रातून ऐकलेला शोफार (सणाला फुंकतात ते शिंग) धरायचा का, यावर मात्र एकमत नाही, तेव्हा जरा पुढे बसा. तिसऱ्या पत्रातल्या मुलीला जरा जास्त सांगायचंय. तिची आई स्मृतिभ्रंशाने शेमा ही रोजची प्रार्थना अर्ध्यावर विसरते आणि रडते. बाळ, मोशेने फोडलेल्या पहिल्या पाट्यांचे तुकडे फेकले नव्हते, नव्या पाट्यांबरोबर त्याच कोशात ठेवले होते, असं तल्मुद सांगतो. आणि हे तो सांगतो ते शिकलेलं विसरलेल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल बोलताना. आईबरोबर पहिली ओळ म्हण. तिथेच थांबली तर तिथेच थांब.

पुन्हा तुमच्याकडे. शुक्रवारच्या किद्दुशचं, म्हणजे शब्बाथच्या सुरुवातीला पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादाचं, विचारलंत: मनुकांचं सरबत साखर चढवतं म्हणून पेल्याला तोंडच लावत नाही, आणि तेही मनाला लागतं. पेला धरून आशीर्वाद तुम्ही म्हणा, वहिनी पितील. ऐकणाऱ्यांपैकी एकाने प्यायलं की किद्दुश सगळ्यांचा होतो.

नातवाला मोजपट्टी देऊन मशिदीच्या मागच्या दाराचं माप घ्यायला पाठवा: पायऱ्यांची उंची, दाराची रुंदी, समोर मोकळी जागा किती. रविवारी पाठवा हं, शब्बाथला मोजमाप करत नाहीत.